त्या रात्रीची एकमेव प्रत

३१ जानेवारी २०१७, मंगळवार. गिटलॅब डॉट कॉम ही जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, त्यावर चर्चा करतात, चुका नोंदवतात अशी सेवा. त्या रात्री तिचा चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीने काहीच झाकलं नाही. काम सुरू असताना लिहिल्या जाणाऱ्या नोंदी तिने त्याच रात्री सगळ्यांसाठी खुल्या केल्या आणि १० फेब्रुवारीला सविस्तर अहवालही छापला. म्हणून आपल्याला ही रात्र जवळजवळ मिनिटामिनिटाने वाचता येते.

मी डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवायचं काम करतो. बॅकअप घ्यायचा, नव्या मशिनवर रिस्टोर करायचा, मोजदाद जुळवायची, मग जुनं मशिन बंद करायचं. असं मोठं काम अंगावर आलं की आदल्या दिवशी मी हा घटनाक्रम पुन्हा वाचतो. लोकांना त्यातली ती एक कमांड आठवते. मला मात्र तिच्या सहा तास आधीचा एक साधासा प्रसंग आठवतो, कारण शेवटी सगळं त्याच्यावरच तरलं.

खालच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेतल्या आहेत. आपल्याकडे त्यात साडेपाच तास मिळवायचे. ज्या इंजिनिअरच्या हातून हे घडलं, त्याचं घड्याळ एक तास पुढे होतं.

१७:२०. उरले ६ तास ७ मिनिटं

गिटलॅबचा डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर चालत होता. मुख्य सर्व्हर एकच, डीबी१. त्याच्या मागे डीबी२ हा राखीव. डीबी१ पडला तर डीबी२ ने जागा घ्यायची, एवढंच त्याचं काम. सगळा भार एकट्या डीबी१ वर होता आणि तो दिवसेंदिवस वाढत होता.

तो भार अनेक सर्व्हरांत वाटता येईल का, हे एका इंजिनिअरला चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहायचं होतं. पीजीपूल नावाचं एक साधन त्यासाठी वापरायचं ठरलं होतं. चाचणी खरी व्हायची तर डेटाही खऱ्यासारखा हवा. डिस्कची झटपट छायाप्रत, म्हणजे एलव्हीएम स्नॅपशॉट, रोज एकदा आपोआप घेतला जात असे, पण याला ताजा डेटा हवा होता. म्हणून त्याने हाताने एक स्नॅपशॉट घेतला आणि चाचणीच्या सर्व्हरवर चढवला.

हा स्नॅपशॉट काही बॅकअप म्हणून घेतलेला नव्हता. पण बॅकअप आणि रिस्टोर म्हणजे तरी याहून वेगळं काय असतं? इथून उचलायचं, तिथे ठेवायचं, सुरू करायचं आणि टेबलं उघडतात का ते पाहायचं. त्या दिवशी हे चारही टप्पे पार पाडलेली प्रत जगात एकच होती, आणि ती एका प्रयोगाचं सामान म्हणून तिथे आली होती.

१९:००. उरले ४ तास २७ मिनिटं

डेटाबेसवरचा भार अचानक चढला. संशय स्पॅमवर होता. लोकांना प्रतिक्रिया लिहिता येईनात. एकाच खात्यावरून तब्बल ४७,००० वेगवेगळे आयपी पत्ते लॉगिन करत असल्याचं दिसलं, कारण कोणीतरी आपली रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, फुकटचं वितरणकेंद्र म्हणून वापरत होतं. ते खातं काढलं, इतर स्पॅमर काढले, काही पत्ते अडवले. यात काही तास गेले.

भाराचं आणखी एक कारण नंतर कळलं. कुणा उपद्रव्याने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याची गैरवापराची तक्रार केली होती. ते खातं चुकून काढून टाकण्याच्या यादीत गेलं, आणि त्याच्याशी जोडलेला सगळा डेटा पुसायचं काम पाठीमागे सुरू झालं. म्हणजे त्या संध्याकाळी गिटलॅबचा डेटाबेस आपल्याच माणसाची खाडाखोड करण्यात दमला होता.

२२:००. उरला १ तास २७ मिनिटं

आता डीबी२ मागे पडू लागला.

पोस्टग्रेस जमाखर्चाच्या जुन्या शिस्तीने चालतो. प्रत्येक बदल आधी रोजकिर्दीत लिहिला जातो, मग खतावणीत उतरतो. पोस्टग्रेसच्या रोजकिर्दीला वॅल म्हणतात. राखीव सर्व्हर मुख्य सर्व्हरकडून तिची पानं घेत राहतो आणि त्याप्रमाणे आपली खतावणी जुळती ठेवतो. मुख्य सर्व्हरकडे जागा बेताची असते, म्हणून काम झालेली पानं तो टाकून देतो. भार चढला तशी पानं भराभर लिहिली गेली आणि भराभर टाकलीही गेली. डीबी२ सुमारे ४ जीबी मागे राहिला, आणि त्याला पुढचं जे पान हवं होतं ते डीबी१ कडे उरलंच नव्हतं.

जुनी पानं वेगळ्या जागी जपून ठेवायची सोय असते. गिटलॅबने ती लावलेली नव्हती. मग एकच मार्ग उरतो: राखीव सर्व्हरवरचा डेटा पूर्ण काढायचा आणि मुख्य सर्व्हरवरून सगळी नक्कल नव्याने आणायची. या कामाच्या कमांडचं नाव पीजी बेसबॅकअप.

हे काम हाती घेतलेल्या इंजिनिअरच्या घरी रात्रीचे अकरा वाजले होते. आपण आता थांबतोय, असं त्याने सहकाऱ्यांना सांगूनही झालं होतं. नक्कल बंद पडली म्हणून तो थांबला नाही. नोंदींमधलं हे वाक्य मी दर वेळी वाचतो आणि दर वेळी वाटतं, या माणसाला कोणीतरी झोपायला पाठवायला हवं होतं.

२२:०० ते २३:००

डीबी२ वरची डेटाची डिरेक्टरी रिकामी केली. पीजी बेसबॅकअप चालवला. तो नुसता थांबून राहिला. जास्तीची माहिती दाखवायला सांगितलं, तरी तेच.

थोड्या वेळाने एक तक्रार आली: नक्कल पाठवणाऱ्या जोडण्यांची मर्यादा संपली. डीबी१ वर ती मर्यादा वाढवून ३२ केली. ती लागू व्हायला डीबी१ वरचा पोस्टग्रेस बंद करून पुन्हा सुरू करावा लागला, आणि आता तो सुरूच होईना. एकूण जोडण्यांची कमाल संख्या ८,००० ठेवलेली होती, तेवढ्यांसाठी लागणारी सेमाफोर नावाची साधनं ऑपरेटिंग सिस्टिम देईना. ८,००० या आकड्यावर तोच सर्व्हर जवळजवळ वर्षभर चालला होता. संख्या २,००० वर आणली तेव्हा पोस्टग्रेस उठला.

पुन्हा पीजी बेसबॅकअप. आता तक्रार नाही, हालचालही नाही.

मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत ही कमांड गुपचूप वाट पाहते. ‘वाट पाहतोय’ एवढी एक ओळ तिने पडद्यावर दाखवली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. गिटलॅबच्या कार्यपद्धतीच्या कागदांतही याचा उल्लेख नव्हता. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता, साइट डळमळत होती, राखीव सर्व्हर रिकामा होता, आणि जो प्रोग्रॅम खरं तर ठीक होता तो अडकल्यासारखा दिसत होता.

अशा वेळी डोकं कसं चालतं ते मला ठाऊक आहे. काहीतरी बारीकसं राहिलंय, असं वाटत राहतं. एखादी फाइल, एखादी परवानगी. त्यालाही तसंच वाटलं: डिरेक्टरी नुसती रिकामी असणं या कमांडला पुरत नसेल, ती मुळातच नसायला हवी असेल. मग ती काढून टाकावी.

२३:२७. शून्य

सर्व्हरचं पूर्ण नाव डीबी१.क्लस्टर.गिटलॅब.कॉम. दुसऱ्याचं डीबी२.क्लस्टर.गिटलॅब.कॉम. तिसऱ्या अक्षराच्या जागचा एक अंक सोडला तर दोन्ही नावं सारखीच. बाकी खिडकी तशीच काळी, अक्षरं तशीच पांढुरकी, डिरेक्टरीचा मार्गही तोच.

त्याने डिरेक्टरी काढून टाकायची कमांड दिली. आरएम ही कमांड काही विचारत नाही. तिच्यामागे कचरापेटी नाही, उलटं फिरायची वाट नाही.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण डीबी१ वर आहोत.

त्याने लगेच कमांड तोडली. साधारण ३१० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

इतका डेटा इतक्या चटकन कसा जातो, असं लोक विचारतात. पोस्टग्रेस मोठी टेबलं एकेक जीबीच्या फाइलींमध्ये तोडून ठेवतो. एक जीबी लिहायचा तर तो डिस्कवर बाइटबाइटने उतरवावा लागतो. पुसायला फक्त त्या फाइलीचं नाव यादीतून काढावं लागतं.

तो लपला नाही. जे घडलं ते त्याने सहकाऱ्यांना सांगितलं, नोंदीत लिहिलं, आणि आज आता आपण विशेष अधिकाराची एकही कमांड चालवू नये हेच बरं, असं म्हणून पुढचं काम दुसऱ्याच्या हाती सोपवलं. चूक झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत ती स्वतःच दुरुस्त करून टाकायची उबळ अनावर असते, आणि बहुतेक वेळा दुसरं संकट त्या उबळीतूनच येतं. त्याने हात मागे घेतले. त्या रात्रीचा सगळ्यात शहाणा निर्णय मला हाच वाटतो.

शून्यानंतर: बॅकअप शोधताना

आता बॅकअप काढायचा. गिटलॅबच्याच हिशेबाने त्यांच्याकडे पाच तजविजी होत्या.

पहिली, डीबी२. तो तासाभरापूर्वी त्यांनीच रिकामा केला होता. राखीव सर्व्हर हा तसाही बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकीची ओळ पुसली तर तो तीही निष्ठेने पुसतो.

दुसरी, क्लाउड कंपनीकडून मिळणारे डिस्कचे स्नॅपशॉट. ही सोय फाइल-सर्व्हरांना लावलेली होती. डेटाबेसच्या सर्व्हरांना नव्हती, कारण तिथे बाकीच्या तजविजी पुरेशा आहेत असं धरलं गेलं होतं.

तिसरी आणि चौथी जोडीची: दर चोवीस तासांनी पीजी डंप या साधनाने घेतलेला पूर्ण बॅकअप, आणि तो ॲमेझॉनच्या एसथ्री साठ्यात चढवण्याची व्यवस्था. त्यांनी एसथ्रीची बकेट, म्हणजे साठ्यातला आपला कप्पा, उघडली. आत काहीच नव्हतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्व्हर बदलणाऱ्या प्रत्येकाचं या जागी काम आहे. पीजी डंपचा एक नियम आहे. नव्या आवृत्तीचा पीजी डंप जुन्या सर्व्हरचा डेटा काढू शकतो. जुन्या आवृत्तीचा पीजी डंप नव्या सर्व्हरला हात लावत नाही. दोन्ही आवृत्त्यांचे आकडे छापतो, जुळत नाहीत म्हणून थांबतो आहे असं सांगतो, आणि बाहेर पडतो. हे वागणं योग्यच आहे. उदाहरणार्थ, २०१२ मध्ये आलेल्या ९.२ ला २०१६ च्या ९.६ ने आतली मांडणी कशी बदलली ते कळणार कसं? म्हणून जुन्याकडून नव्याकडे जाताना डंप नेहमी नव्या सर्व्हरवरच्या पीजी डंपने काढायचा.

गिटलॅबचा सर्व्हर ९.६ वर गेलेला होता. बॅकअपचं काम मात्र वेगळ्या ॲप्लिकेशन सर्व्हरवरून चालत होतं. कोणत्या आवृत्तीची साधनं वापरायची हे त्यांचं पॅकेज डेटाच्या डिरेक्टरीतली एक छोटी फाइल पाहून ठरवत असे. ॲप्लिकेशन सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी नव्हतीच, त्यामुळे ती फाइलही नव्हती. अशा वेळी ठरलेली आवृत्ती ९.२. म्हणून रोज ठरल्या वेळी ९.२ चा पीजी डंप उठायचा, ९.६ च्या सर्व्हरला भेटायचा, आकडे जुळत नाहीत असं म्हणून परत फिरायचा.

अपयशाची ईमेल रोज जात होती. पण ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनकडून जाणाऱ्या त्या ईमेलवर, बनावट ईमेल अडवणाऱ्या डीमार्कच्या नियमाला लागणारी सही नव्हती, म्हणून समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. घंटा रोज वाजत होती. ती ज्याने ऐकायची त्याच्यापर्यंत आवाज पोचत नव्हता.

मला हे वाचून हसू येत नाही, कारण एका कामात मी याचीच धाकटी बहीण पाहिली आहे. बॅकअपच्या फोल्डरमध्ये रोजची एक फाइल होती. नाव बरोबर, तारीख बरोबर, आणि आकार शून्य बाइट. डंपचं फलित फाइलीत वळवताना शेल आधी रिकामी फाइल तयार करतं आणि मग कमांड चालवतं. कमांड पडली तरी फाइल उरतेच. फोल्डर उघडणारा प्रत्येक जण तारखा बघून समाधानाने परत जात होता, आणि मीही त्यांतलाच एक होतो. उजवीकडचा आकाराचा रकाना कोणी वाचला नव्हता. आता मी तो आधी वाचतो आणि त्यावरही थांबत नाही. फाइल एका मोकळ्या मशिनवर रिस्टोर करतो, मोठ्या चार टेबलांतल्या ओळी मोजतो, सर्वांत ताज्या नोंदीची वेळ पाहतो.

पाचवी तजवीज, एलव्हीएम स्नॅपशॉट. रोजचा आपोआप घेतलेला एक होता. आणि कोणालातरी आठवलं: संध्याकाळी ५:२० ला हाताने घेतलेलाही एक आहे, आणि तो चाचणीच्या सर्व्हरवर चढवून सुरूसुद्धा केलेला आहे.

तो घेणारा इंजिनिअर आणि डीबी१ पुसणारा इंजिनिअर एकच.

१ फेब्रुवारी, ००:३६ पासून पुढे

सर्वांत आधी चाचणीच्या सर्व्हरवरच्या त्या प्रतीची आणखी एक प्रत काढली. डीबी१ वर उरलेले ४.५ जीबीही बांधून बाजूला ठेवले. घाई झालेली असताना उरल्यासुरल्याला हात न लावता आधी जपून ठेवायला वेगळीच शिस्त लागते.

मग चाचणीच्या सर्व्हरवरून डीबी१ कडे फाइली वाहायला सुरुवात झाली, आणि चाचणीचं मशिन चाचणीचंच असतं हे कळून आलं. त्याच्या डिस्क स्वस्तातल्या होत्या, सेकंदाला सुमारे ६० मेगाबिटच्या पलीकडे न जाणाऱ्या. नेटवर्क मोकळं होतं, प्रोसेसर मोकळा होता, डिस्कच पाय ओढत होती. जे पुसायला काही सेकंद लागले, ते परत आणायला सुमारे अठरा तास लागले.

त्या तासांत कंपनीने यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावलं. एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक बघत होते. बघण्यासारखं काय होतं? टक्क्यांचा एक आकडा चढत होता आणि काही थकलेली माणसं बोलत होती. तरी लोक बसून राहिले, धीर देत राहिले. त्यातल्या अनेकांनी आपापल्या नोकरीत अशी एखादी रात्र काढली असणार.

आपल्याकडे डेटाबेस गेला तेव्हा पहाटेचे चार वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. तो बुधवार होता, केंद्रीय अर्थसंकल्पाचा दिवस. पुणे, मुंबई, बेंगळुरूमध्ये ज्यांचं काम गिटलॅब डॉट कॉमवर होतं, त्यांचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा सगळा दिवस ती बंदच होती. अमेरिकेतल्या प्रोग्रामरांचे निदान रात्रीचे तास त्यात गेले. आपले पुरेपूर कामाचे गेले.

१७:०० ते १८:००

डेटाबेस उभा राहिला, पण एक गोष्ट त्यात नव्हती. चाचणीसाठी डेटा आणताना त्यातले वेबहुक, बाहेरच्या यंत्रणांना आपोआप निरोप धाडणारे दुवे, काढून टाकले जात, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरने चुकून खऱ्या लोकांच्या यंत्रणांना निरोप धाडू नयेत. ही चांगली, विचारपूर्वक घातलेली काळजी होती. तिच्यामुळे वेबहुक वेगळे शोधून परत बसवावे लागले. सहाच्या सुमारास, आपल्याकडे रात्री साडेअकराला, साइट पूर्ण सुरू झाली.

अहवालाबरोबर कामांची यादी निघाली. प्रत्येक सर्व्हरच्या प्रॉम्प्टला रंग द्यायचा, खऱ्या सर्व्हरला लाल आणि चाचणीच्या सर्व्हरला पिवळा. स्नॅपशॉट दर तासाला घ्यायचे. रोजकिर्दीची पानं जपायची. आणि घेतलेला बॅकअप रिस्टोर होतो का, याची चाचणी आपोआप होत राहील अशी सोय करायची. त्या इंजिनिअरला कामावरून काढलं नाही. अहवालात त्याचं नाव नव्हतं, म्हणून मीही ते इथे लिहिलेलं नाही.

संध्याकाळी ५:२० ते मध्यरात्र या वेळेत डेटाबेसमध्ये जे लिहिलं गेलं, ते गेलंच. सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, साधारण तितक्याच प्रतिक्रिया, आणि ७०० च्या आसपास नवी खाती. हाताने घेतलेला तो स्नॅपशॉट नसता तर रोजच्या आपोआप स्नॅपशॉटपर्यंत मागे जावं लागलं असतं आणि नुकसान चोवीस तासांपर्यंत गेलं असतं. कोडच्या रिपॉझिटरी डेटाबेसमध्ये नसतात. त्या वेगळ्या फाइल-सर्व्हरांवर होत्या आणि त्यांना धक्काही लागला नव्हता. त्या संध्याकाळी खातं उघडून पहिला प्रकल्प सुरू केलेल्या माणसाची अवस्था आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल: जमीन जागच्या जागी, आणि सातबाऱ्यावरचं नाव तेवढं गेलेलं.